दहा लाख बावीस हजार एकशे सतरा

संग्रहालयाच्या बाईंनी "नाही" हे इतक्या गोड शब्दांत सांगितलं, की ते "नाही" आहे हे कळायला काटेवालीला अर्धं मिनिट लागलं.

"तुमच्या आईंनी असा एक गालिचा विणला असेल, याबद्दल मला शंका नाही," बाई म्हणाल्या. "फक्त तो हा नव्हे. आकडा जुळत नाही."

काटेवाली म्हणजे गावाबाहेरच्या वजनकाट्यावर बसणारी बाई. ट्रक येतो, लोखंडी फळीवर चढतो, ती काचेमागून आकडा वाचते आणि पावती फाडते. बावीस वर्षं हेच. तिला नाव होतं, पण ट्रकवाल्यांनी ते कधीच निकालात काढलं होतं, आणि तिचीही त्याबद्दल तक्रार नव्हती. माणसांपेक्षा आकड्यांशी तिचं बरं जमायचं. "आकडा जुळत नाही" हे वाक्य ती रोज चार जणांना ऐकवायची. आज ते तिलाच ऐकावं लागलं, आणि चांगलंच झोंबलं.

गोष्ट अशी होती. एका बंद पडलेल्या नाट्यगृहाच्या अडगळीत, गुंडाळून ठेवलेला एक गालिचा सापडला. तांबडी जमीन, मधोमध निळं गोल, कडेनं वेल. एक टोक आगीत जळून गेलेलं, बाकी सुरेख. शनिवारी तो संग्रहालयात लोकांसाठी मांडायचा होता आणि शेजारी पितळेची पाटी लागायची होती. पाटीवर विणणाऱ्याचं नाव येणार, नाहीतर "विणकर अज्ञात". वर्तमानपत्रातला फोटो पाहून काटेवालीची आई, वय वर्षं एकोणऐंशी, चहाचा कप तसाच ठेवून म्हणाली होती, "अगं, हा माझा."

पण आणखी दोन घरांतून "हा आमचा" असं सांगत माणसं आली होती, आणि बाई काही कच्च्या गुरूच्या चेली नव्हत्या. नुसत्या ओळखीवर त्या पाटी लावणार नव्हत्या. त्यांना पुरावा हवा होता.

पुरावा होता, पण फार छोटा. आईच्या सुयांच्या पत्र्याच्या डब्याच्या झाकणात, आतल्या बाजूला, सुईनं कोरलेला एक आकडा: १०२२११७. कोरणारी होती काटेवाली स्वतः, तेव्हा वय वर्षं नऊ. गालिच्याच्या कारखान्यात मुकादम रोज संध्याकाळी प्रत्येक विणकरणीला चिठ्ठी द्यायचा: आज किती गाठी बांधल्या. आई ती घरी आणायची, पोरगी तो आकडा आदल्या बेरजेत मिळवायची आणि चिठ्ठी चुलीत जायची. गालिचा पुरा झाला त्या दिवशीची बेरीज तिनं झाकणात कोरून ठेवली. आयुष्यातला तिचा पहिला सात आकडी आकडा. तो विसरणं तिला जन्मात शक्य नव्हतं.

"आकडा जुना आहे, हे मला मान्य," बाई म्हणाल्या. "कोरल्यानंतर वर गंज चढलाय, तो कुणी काल चढवलेला नाही. पण बघा. गालिचा म्हणजे सारख्या ओळी. प्रत्येक ओळीत तेवढ्याच गाठी. मग एकूण गाठींना एका ओळीतल्या गाठींनी भागलं तर बाकी उरता कामा नये. जळलेल्या टोकामुळे ओळी किती होत्या ते कळत नाही, पण रुंदी शाबूत आहे. मी तीनदा मोजली. एक हजार एकोणीस. तुमच्या आकड्याला त्यानं भागलं तर साठ उरतात."

काटेवालीनं तिथल्या तिथे कागदावर भागून पाहिलं. साठच उरले.

"गुरुवारी पाटीचा मजकूर कोरायला जातो," बाई म्हणाल्या. "मला खरंच वाईट वाटतं."

घरी येऊन तिनं आईला सांगितलं. आई उठली, भांडी विसळली, आणि मग पाठमोरीच म्हणाली, "मुकादमाच्या चिठ्ठ्या बरोबर असायच्या."

म्हणजे उरलं कोण? बेरीज करणारी. आईच्या बोलण्यात टोमणा नव्हता. नऊ वर्षांच्या पोरीनं पाच-सहा महिने रोज बेरीज केली होती. एखाद्या दिवशी हातचा एक विसरली असेल, तर आईच्या नावाची पाटी तिच्यापायी गेली.

दुसऱ्या दिवशी सोमवार. काट्यावर गर्दी नव्हती. तिनं जुन्या पावतीची कोरी बाजू पुढे ओढली आणि वर आकडा लिहिला. जवळपास पन्नास वर्षं ती हा आकडा पाठ म्हणत आली होती, पण त्याच्या आत काय आहे हे कधी उघडून पाहिलं नव्हतं. सख्ख्या शेजाऱ्याच्या घरात आपण कधी गेलोच नाही, असं तिला झालं.

तिचा विचार सरळ होता. बेरीज चुकली असेल तर आकडा कुठलाही असू शकतो. पण बरोबर असेल, तर हा आकडा म्हणजे रुंदी गुणिले लांबी. तेव्हा कोणते आकडे त्याला पुरे भाग घालतात ते शोधायचं. त्यात गालिच्यासारखी एखादी जोडी निघाली तर बोलता येईल.

दोननं भाग जाणार नव्हता, शेवटी सात होता. आईकडून त्याचं कारणही कळलं होतं. "डावी बाजू नि उजवी बाजू आरशातल्यासारखी," आई म्हणाली होती, "आणि मधोमध एकटी गाठ, तिला जोडीदार नसतो. उभं मोजा की आडवं, तसंच." म्हणजे रुंदीही विषम, लांबीही विषम. तीननं पाहिलं, दोन उरले. सातनं पाहिलं, पाच उरले. आठानं पाच. नवानं पाच. अकरानं आठ उरले, तेव्हा तिला जरा हायसं वाटलं, पण बारानं पुन्हा पाच आणि तेरानं पुन्हा पाच. चौदा, सोळा, अठरा, सगळीकडे पाचच. हे पाच तिच्या मागेच लागले.

"मॅडम, पावती!" बाहेर ट्रकवाला ओरडला.

"थांबा हो, पाच उरतायत," ती म्हणाली. ट्रकवाल्यानं घाबरून आपल्याच ट्रककडे वळून पाहिलं.

जेवणाच्या सुट्टीत ती जरा शहाणी झाली. सगळ्या आकड्यांनी भागत बसण्यात अर्थ नव्हता. तीननं जात नाही म्हणजे नवानं, बारानं, पंधरानं जाणारच नाही. भागायचं फक्त मूळ संख्यांनी, ज्यांचे स्वतःचे तुकडे होत नाहीत. आणि तेही कुठपर्यंत? हजार गुणिले हजार म्हणजे दहा लाख, आणि तिचा आकडा दहा लाखांच्या जरासा पुढे. एक बाजू हजाराहून मोठी असेल तर दुसरी लहान असणार, आणि लहान बाजू आधीच सापडलेली असणार. तोच गालिचा आडवा टाकला इतकंच. तेव्हा हजारापर्यंत पाहिलं की झालं, असं तिनं ठरवलं. या ठरवण्यात एक चूक होती, पण ती कळायला दोन दिवस जायचे होते.

तिनं एकपासून हजारापर्यंत आकडे लिहून काढले आणि दोनाच्या, तिनाच्या, पाचाच्या अशा पटी खोडत गेली. अठ्ठावीस पावत्या खर्ची पडल्या. शेवटी न खोडलेले उरले एकशे अडुसष्ट. मग टेबलावरचं कॅल्क्युलेटर घेऊन सतरा, एकोणीस, तेवीस असं एकेकाला धरलं. कोणी दाद देईना. एकशे एक फुकट गेला, दोनशे अकरा फुकट गेला. ट्रक येत होते, वजनं होत होती, आणि मधल्या वेळात ती भागत होती. मंगळवारी दुपारपर्यंत तर तिला या आकड्याचं कौतुकच वाटायला लागलं. एवढा मोठा, आणि कोणाला अंगाला हात लावू देत नाही! प्रत्येक नव्या भागाकाराच्या वेळी तिला खरंच उत्सुकता वाटायची, दशांशचिन्हानंतर काय येतंय. आणि प्रत्येक वेळी काहीतरी यायचंच.

मंगळवारी संध्याकाळी ती नऊशे सत्त्याण्णववर पोचली. तोही फुकट गेला.

ती खुर्चीत मागे टेकली. म्हणजे हा आकडाच मूळ संख्या. त्याचे तुकडे होतच नाहीत. एवढ्या गाठींचा गालिचा विणायचा तर एक गाठ रुंद आणि दहा लाख बावीस हजार एकशे सतरा ओळी लांब. पाऊण कोस लांब नाडी! तिला हसू आलं आणि लगेच डोळ्यांत पाणी आलं. असा गालिचा जगात कोणी विणत नाही. याचा अर्थ बेरीज चुकली होती, आणि ती तिनंच चुकवली होती.

घरी तिनं आईला सांगितलं नाही. आईनंही विचारलं नाही. फक्त जेवताना म्हणाली, "नसेल नाव, तर नसेल. मी विणला ते मला माहीत आहे ना?" आणि हे ती इतकं समजुतीनं म्हणाली, की काटेवाली ताट तसंच ठेवून उठली.

बुधवारी सकाळी पहिलाच ट्रक विटांचा. वजन नेहमीपेक्षा सत्तर किलो जास्त. काटेवालीनं मान वर न करताच सांगितलं, "खाली उतरा." ड्रायव्हर उतरला, आकडा जागेवर आला. बावीस वर्षांत ती एक गोष्ट शिकली होती: वजन चुकलं तर आधी विचारायचं, किती चुकलं? सत्तर किलो म्हणजे ड्रायव्हर आत बसलाय. दोनशे किलो म्हणजे पाण्याची टाकी भरलेली आहे. चुकीलाही स्वतःचं वजन असतं, आणि त्यावरून तिचा धनी सापडतो.

मग तिला वाटलं, माझ्या चुकीचं वजन किती? खरा आकडा याच्या आसपास कुठला? त्यासाठी तिनं वर्गमूळ काढलं, निदान चौरस गालिचा केवढा झाला असता ते पाहायला. कॅल्क्युलेटरनं दाखवलं: एक हजार दहा आणि पुढे नऊ नऊ आठ.

ती त्या आकड्याकडे बघतच राहिली. एक हजार दहा. हजार नव्हे! ती हजारावर थांबली होती, कारण हजार हा गोल आकडा आहे आणि कागदही तिथेच संपला होता. वरचे दहा आकडे तिनं पाहिलेच नव्हते.

दहांतले पाच सम, ते गेले. हजार एकला सातानं भाग जातो, तो बाद. हजार तीन सतराचा, हजार पाच पाचाचा, हजार सात एकोणीसचा. राहिला हजार नऊ.

तिनं भागलं. एक हजार तेरा. पुढे काही नाही. दशांशचिन्हच नाही.

तिनं पुन्हा भागलं, मग कागदावर गुणाकार केला, मग उलटा गुणाकार केला. एक हजार नऊ गुणिले एक हजार तेरा. दोन्ही विषम. दोन्ही मूळ, म्हणजे याशिवाय दुसरी जोडीच नाही. बाहेर दोन ट्रक हॉर्न वाजवत होते, ते तिला ऐकू येत नव्हते. आणि मग तिनं कपाळावर हात मारून घेतला. वर्गमूळ जवळजवळ हजार अकरा होतं. हजार अकराचा वर्ग तिच्या आकड्याहून फक्त चारानं जास्त. चौरस गालिच्याची रुंदी दोनानं कमी करा, लांबी दोनानं वाढवा, की नेमक्या चार गाठी कमी होतात. दोन दिवस आणि अठ्ठावीस पावत्या जाळून जे मिळालं, ते पहिल्याच मिनिटाला समोर उभं होतं.

आता उरला बाईंचा आकडा. एक हजार एकोणीस. खऱ्या रुंदीपेक्षा दहानं जास्त. चुकीचं वजन दहा. आता धनी शोधायचा.

तिनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली, आईला घेतलं आणि संग्रहालय गाठलं. बाई पाटीचा मजकूरच तपासत होत्या.

"मला फक्त तुम्ही मोजलंत ते दाखवा," काटेवाली म्हणाली.

बाईंनी कुरकुर केली नाही. गालिचा लांब टेबलावर उलटा पसरला होता, पाठीच्या गाठी दाण्यांसारख्या दिसत होत्या. एका ओळीत रंगीत डोक्याच्या टाचण्या खोचलेल्या होत्या. "दर शंभराला एक," बाई म्हणाल्या. "पहिली टाचणी शंभराव्या गाठीत. तिथून पुढे पुन्हा शंभर, दुसरी टाचणी. टाचण्या तशाच ठेवल्या, म्हणजे तिन्ही वेळा गोंधळ नको."

"किती टाचण्या?"

"दहा. आणि वर एकोणीस."

काटेवालीनं विचारलं, "दुसरं शंभर मोजताना 'एक' कुठे म्हणता?"

"टाचणीवर," बाई म्हणाल्या. त्या मूळच्या शिवणकामातल्या. पंचवीस वर्षं जुने पोशाख दुरुस्त केलेले. कापड मोजायचं तर टाचणीपासून टाचणीपर्यंतच मोजायचं, हे त्यांच्या हाडीमाशी भिनलेलं. "टाचणीपासूनच सुरुवात करतात ना?"

"कापड मोजताना हो. पण ही गाठ आधीच्या शंभरात मोजली गेली होती. तिला तुम्ही दोनदा धरलंत. दहा टाचण्या, दहा गाठी जास्त."

बाईंचा चेहरा हळूहळू बदलत गेला. त्यांनी चष्मा लावला, सगळ्या टाचण्या उपटल्या आणि एकेक गाठ सुईच्या टोकानं मोजायला घेतली. तासभर ते चाललं. आई स्टुलावर बसून होती. शेवटच्या गाठीवर बाई म्हणाल्या, "एक हजार नऊ."

काटेवालीनं पावती पुढे केली. बाईंनी भागून पाहिलं आणि खाली बसल्या. "नुसता योगायोग असता तर हजारात एकदा जमला असता," त्या म्हणाल्या. "आणि मी तुम्हाला परत पाठवलं होतं." मग उठून त्यांनी आईचे दोन्ही हात हातात घेतले. "तुमचाच आहे. माफ करा."

"हजार तेरा ओळी," आई म्हणाली. "बरोबर. फणीनं ठोकून ओळी आखडतात, म्हणून चौकोन दिसायला चार जास्त घालायचो. आता आठवलं."

काटेवालीच्या जिवात जीव आला. नऊ वर्षांच्या त्या पोरीनं एक हातचाही सोडला नव्हता.

"आता जळलेलंही कळेल," बाई उत्साहानं म्हणाल्या. "शिल्लक ओळी आठशे त्र्याहत्तर. म्हणजे एकशे चाळीस गेल्या. आणि लोकर ज्या बाजूला झुकलीय त्यावरून सांगते, जळालं ते विणकामाचं शेवटचं टोक. शिल्लक कडेच्या तीन ओळीही आगीनं ढिल्या पडल्यात बघा."

आई स्टुलावरून उठली. टेबलाच्या टोकाला जाऊन त्या करपलेल्या कडेवर बोट ठेवलं. बोट बराच वेळ तिथेच होतं.

"आगीनं नाही," ती म्हणाली. "ह्या ढिल्याच होत्या. ह्या ह्यांनी विणल्यात."

"कोणी?" काटेवालीनं विचारलं.

"तुझ्या वडिलांनी."

वडील जाऊन बारा वर्षं झाली होती. शर्टाचं बटण तुटलं तर ते हातात घेऊन घरभर फिरणारा माणूस. काटेवालीला वाटलं, आईचा काहीतरी घोटाळा होतोय.

"माझं मनगट सुजलं होतं," आई म्हणाली. "गाठीचा धागा कापायची सुरी धरवेना. गालिचा अर्धवट टाकला असता तर मागावर दुसरी बसली असती, आणि जिनं पुरा केला तिचा झाला असता. ह्यांना कामावरून कमी केलं होतं तेव्हा. म्हणाले, मी बसतो, तू शेजारी बसून सांग. पाच आठवडे. मुकादमानं डोळेझाक केली. दिवसाला चार ओळी, त्याही अशा. मी ओरडायची, ते हसायचे."

पाच आठवडे, दिवसाला चार. काटेवालीच्या डोक्यानं तिला न विचारताच गुणाकार केला. आणि तिला ते आठवलं. शेवटी शेवटी चिठ्ठ्यांवरचे आकडे लहान येत होते. सात-साडेसात हजारांच्या जागी चार हजार. बेरीज सोपी जायची म्हणून ती खूश व्हायची.

"मला कधी सांगितलं का नाहीस?"

"तेच म्हणाले, नको सांगू. तू दारात उभी राहून विचारायचीस, आज आईच्या किती गाठी? म्हणाले, पोर एवढ्या अभिमानानं आईच्या गाठी मोजतेय, मोजू दे." आईनं बोट उचललं. "आणि मग राहूनच गेलं."

काटेवालीला रडू आवरलं नाही, आणि तिनं ते आवरायचा प्रयत्नही केला नाही. वडिलांच्या हातच्या सगळ्या ओळी जळल्या होत्या, फक्त या तीन सोडून. एकशे त्रेचाळीस ओळी. एक लाख चव्वेचाळीस हजार दोनशे सत्त्याऐंशी गाठी. त्या माणसानं एवढ्या गाठी बांधल्या, त्या तिनं एकेक करून आईच्या नावावर मिळवल्या, आणि तो शेजारी बसून बघत राहिला.

"बाई," आई म्हणाली, "पाटीवर दोन नावं घाला. माझ्या एकटीच्या गाठी धराल तर तुमचा आकडा जुळायचा नाही."

काटेवालीनं डोळे पुसत बाईंकडे पाहिलं. वडिलांसाठी पुरावा म्हणून झाकण नव्हतं, चिठ्ठी नव्हती, काही नव्हतं. बाईंनी त्या तीन ढिल्या ओळी पुन्हा एकदा वाकून पाहिल्या, मजकुराचा कागद ओढला आणि पेनाचं टोपण काढलं.

"सांगा नाव," त्या म्हणाल्या.

काटेवालीनं वडिलांचं नाव सांगितलं, आणि आई बाईंच्या खांद्यावरून वाकून, ते नीट लिहिलं जातंय ना, हे बघत उभी राहिली.